पाळण्याचा हिरवा रंग

मंगळवार, संध्याकाळ

पाळण्याच्या कड्यांची कुरकुर अजून कानात आहे. आई झोका द्यायची, मी शाळेतली कविता म्हणायचो, धाकटा झोपायचा.

आज तोच पाळणा येणाऱ्या नातवंडासाठी खरवडायला घेतला. जुन्या रंगात शिसं असतं, पोटातल्या बाळाला घातक, म्हणून सातव्या महिन्यातल्या सूनबाईला कालच माहीमला माहेरी पाठवलं. मास्क लावला, खिडक्या उघडल्या. कवितेची एक ओळ होईतो रंग मऊ करणारी गरम हवेची हीट गन एका जागी, मग पुढे, असं ठरवलेलं. पण खाली हिरवा रंग दिसला, आईने निवडलेला. दुसऱ्या ओळीत कधी शिरलो? तो हिरवा जळून खोलीभर शिशाचा धूर झाला.

तेवढ्यात बेल. दारात सूनबाई, हातात डबा.

"बाबा, जेवलात की कविताच म्हणत बसलात?"

"तिथंच थांब, पोरी. आत येऊ नकोस."