बांधावर उत्तरेकडे तोंड करून

आर्नहेम, १८ जानेवारी

ती. आई,

नमस्कार. फोनवर आपण दोघीही रडतो, म्हणून लिहिते आहे.

आम्ही बऱ्या आहोत. हीटर नीट चालतो. आर्या शाळेत डबा संपवते. तुम्ही पाठवलेलं मेतकूट तिला भातावर रोज लागतं. नानांचा गुडघा कसा आहे?

या हिवाळ्यात नॉर्दर्न लाइट्स इथूनही दिसतील, असं सगळे म्हणत होते. तुमच्या लेकाने आर्याला ते दाखवायचं कबूल केलं होतं. म्हणून अंधार पडला की मी तिला नदीच्या बांधावर नेत असे. रोज नुसते ढग. काल आकाश मोकळं होतं. उत्तरेला आधी फिकट हिरवा उजेड आला, मग त्याच्यावर गुलाबी. बांधावरची माणसं हसत होती, एकमेकांना हाका मारत होती.

आर्याने मात्र हातमोज्यांनी डोळे झाकले होते.

"बघ ना, बाळा."

ती डचमध्ये म्हणाली, "आपल्याकडे वर्षभर दिवे नाहीत. आजी म्हणाली."

दिवाळीत तिने आकाशकंदील मागितला, तेव्हा बाबा गेल्याचं वर्ष आहे, असं तुम्ही तिला समजावलं होतंत. ते तिने धरून ठेवलं आहे. तुमचं काही चुकलं नाही. मी म्हटलं, हे दिवे कुणी लावलेले नाहीत, हे चालतात. तिने हात काढले नाहीत. उजेड मावळेपर्यंत तशीच उभी राहिली. मलाही मग वर बघवेना.

रविवारी फोन कराल तेव्हा तिला सांगा, की पाहिलं तर चालतं. ती तुमचंच ऐकेल. मीही शेजारीच बसलेली असेन.

तब्येतीला जपा.

तुमची
अश्लेषा