ब्रेक माझ्याकडे आहे

३ मार्च
लायसन्स निलंबित. सहा महिने. तिसरी वेळ.
आधीच्या दोन्ही वेळा फोनमुळे. यंदा सिग्नल. तो लाल होता असं ते म्हणतात. मी पाहिला तेव्हा पिवळा होता. त्यानंतर मी पाहिला नाही, हे खरं.
अधिकाऱ्याने मान वर केली नाही. लायसन्स पाकिटात घातलं, पाकीट कपाटात. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो हे सांगितलं. मग तुम्हाला नियम ठाऊकच असतील, म्हणाला.
गाडी ऑफिसबाहेर लावलेली. तिथेच सोडून येणार कशी? घरी घेऊन आलो. सावकाश. निलंबित माणसाने चालवावी तशी.
निश्चय : आजपासून सहा महिने स्टिअरिंगला हात नाही. मी शिक्षक आहे.

४ मार्च
हिने सकाळीच चावी मागितली. पर्समध्ये टाकली, चेन लावली. अहो, तुमच्यावर विश्वास आहे, पण चावी माझ्याकडे राहू दे, म्हणाली.
स्कूलच्या मालकांना प्रामाणिकपणे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, सर, हे तुम्ही मला सांगितलं नाही आणि मी ऐकलं नाही. नऊची बॅच खोळंबली आहे.
विचार केला. स्कूलच्या गाडीत स्टिअरिंग विद्यार्थ्याच्या हातात असतं. माझ्या बाजूला फक्त क्लच आणि ब्रेक, जास्तीचे बसवलेले. म्हणजे गाडी मी चालवत नाही. थांबवतो. गाडी थांबवायला लायसन्स लागत नाही.
विद्यार्थ्याच्या दारापर्यंत गाडी न्यावी लागते, ते वेगळं. त्याला पोचवणं म्हणतात.

९ मार्च
बस चुकली. दुसरी भरून आली, थांबली नाही. नऊची बॅच साडेनऊला. मालकांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.
हिचं असं असतं. चावी पर्समध्ये, पर्स टेबलावर. ती आंघोळीला गेली तेवढ्यात कोपऱ्यावर जाऊन आलो. बसस्टॉपच्या बाजूला चावीवाला बसतो. स्टूल, छत्री, एक मशीन. खिळ्यांना लटकवलेल्या शेकडो चाव्या. म्हणाला, सर, स्वतःच्याच घरी डाका घालताय की काय?
मी म्हणालो, अडीअडचणीला असावी.
त्याने दोन करून दिल्या. एक हरवणारच सर, तुमचा चेहराच तसा आहे, म्हणाला. चांगला माणूस. तोंडाळ, पण चांगला.

१० मार्च
अडचण आली. बस पुन्हा भरलेली.

२२ मार्च
हवालदाराने अडवलं. काच खाली केली तर म्हणतो, सर, तुम्ही? माझाच विद्यार्थी. रिव्हर्समध्ये तीनदा नापास झाला होता. शेवटी मीच पास करून घेतला होता.
लायसन्स मागितलं. ऑफिसात आहे, म्हणालो. त्याने मशीनमध्ये नंबर टाकला, बराच वेळ मशीनकडे पाहिलं. मग म्हणाला, सर, हे वाईट दिसतंय. पावती फाडावी लागेल.
फाडली. मग आम्ही दोघे उभे. आता गाडी इथून कोण नेणार, हा प्रश्न होता. मला चालवायला मनाई. त्याला जागा सोडायला मनाई. शेवटी तो वळला आणि रस्त्याच्या पलीकडे एकटक पाहत राहिला. पलीकडे भिंत होती.
मला इशारे कळतात.

१० एप्रिल
सुनावणी. माझ्या आधी एक टेम्पोवाला. निलंबित लायसन्सवर गाडी चालवताना पाचव्यांदा सापडलेला. दंड आणि ताकीद : पुन्हा सापडलात तर कडक कारवाई. तो खिशातून पैसे काढतच उठला. काही लोकांना लाजच नसते.
मग मी. दंड आणि ताकीद : पुन्हा सापडलात तर कडक कारवाई.
शब्द तेच, पण सूर वेगळा. माझ्याशी जरा हळू बोलले. शिक्षक म्हणून असेल.
निलंबनाची मुदत वाढणार का, असं कारकुनाला सहज विचारलं. त्यासाठी वेगळा प्रस्ताव लागतो, म्हणाला, आणि ती खिडकी सध्या बंद आहे.
घरी लवकर पोचलो. रस्ता मोकळा होता.

१४ एप्रिल
आनंदाची बातमी. भिंगरीला नोकरी. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून भिंगरी. आता एकवीस वर्षांची झाली तरी भिंगरीच. एका लॅबमध्ये, घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचे. गाडी लॅबची. अट एकच : जूनच्या एक तारखेला पक्कं लायसन्स हातात हवं. शिकाऊ तिने काढलेलं आहे.
दुसऱ्या एका स्कूलमध्ये नाव घालते, म्हणाली. मी हसलो. बाप कशाला आहे मग?
बावीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने साधा खांबसुद्धा ठोकलेला नाही. पहिल्या दिवशी प्रत्येकाला एकच वाक्य सांगतो. ब्रेक माझ्याकडे आहे, तू फक्त समोर बघ. माणसाची भीती तिथल्या तिथे जाते.

१६ एप्रिल, सकाळी
मार्ग सापडला. इतका सरळ की आधी कसा सुचला नाही!
भिंगरी रोज मला आमच्या गाडीतून कामावर सोडणार. तिचा सराव, माझी सोय. मी चालवत नाही, ती चालवते. कायदा शंभर टक्के पाळला.
हिला सांगितलं. ही म्हणाली, शिकाऊ माणसाच्या बाजूला लायसन्सवाला बसावा लागतो ना? मी म्हणालो, मी लायसन्सवालाच आहे. मग ते कुठे आहे, म्हणाली. सरकारकडे, म्हणालो. सुरक्षित.
हिने पर्स उघडली. चावी माझ्याकडे नाही, भिंगरीच्या हातात दिली. बाबांचं बोलणं ऐक, म्हणाली, पण डोळे स्वतःचे वापर.

२५ एप्रिल
भिंगरीचा हात हलका आहे. गिअर छान. आरसे बघते. वळणावर घाई नाही.
संध्याकाळी स्कूलच्या गाडीवर अर्धा तास घेतो. मालकांनी तेही ऐकलं नाही. तिथे माझा पाय आपोआप काम करतो. तिला कळायच्या आत गाडी थांबते. बाबा, मी दाबणारच होते, म्हणते. मी म्हणतो, तू समोर बघ.
मुलं अशीच घडतात. निर्धास्त.

६ मे
सकाळी आमच्या गाडीत एक गोष्ट लक्षात आली. सिग्नल जवळ आला की माझा पाय खाली जातो. आमच्या गाडीत बाजूला ब्रेक नाही, नुसती मॅट. मॅट त्या जागी झिजली आहे.
भिंगरी हसली. बाबा, तुमच्या बाजूने गाडी रोज थांबते हं, म्हणाली.
ब्रेक मात्र ती उशिरा लावते. आधी क्षणभर माझ्याकडे बघते. आता दाबू का, विचारते. मी सांगेन, म्हणतो. बापावर इतका विश्वास हल्ली कोणत्या घरात दिसतो?

१५ मे
परीक्षेची तारीख मिळाली. पंचवीस. पास होणारच. लॅबला कळवलंही तिने. लॅबने मापं मागवली, पांढरा कोट शिवताहेत. ही दोनदा म्हणाली, परीक्षेपर्यंत दुसऱ्या कोणाला तरी बसवा तिच्या बाजूला. माझ्यापेक्षा चांगलं कोण शिकवणार, ते तिने सांगितलं नाही.

१९ मे
लिहवत नाही.

२१ मे
कोपऱ्यावर बस निघत होती. तिच्या आडून एक बाई रस्त्यात आली. भिंगरीने बाईला वाचवायला गाडी डावीकडे घेतली. बरोबर घेतली. मीही तेच केलं असतं. वेग फार नव्हता. मग फक्त थांबायचं होतं.
ती म्हणाली, बाबा, दाबा.
मी दाबला. जीव खाऊन दाबला.
छत्री आधी गेली. मग स्टूल. चाव्या रस्ताभर सांडल्या. लोक त्यांवरून घसरत आमच्याकडे धावत येत होते.

२२ मे
चावीवाल्याच्या मांडीचं हाड मोडलं. आत सळई घातली आहे. पूर्वीसारखं चालता येईल का, ते डॉक्टर आत्ताच सांगत नाहीत.
भेटायला गेलो. मला पाहून म्हणाला, या सर. चावी नीट लागत होती ना?
ही शेजारी उभी होती. कसली चावी, असं तिने विचारलं नाही. माझ्याकडे हात पुढे केला. मी खिशातली दिली.
दुसरी, म्हणाली.
दुसरीही दिली. हिला कसं कळलं कोण जाणे.

२४ मे
जबाब झाला. भिंगरी म्हणाली, गाडी मी चालवत होते. ब्रेक मी दाबला नाही. चूक माझी.
मी बोलायला उठलो. काय बोलणार होतो ते मला ठाऊक होतं. साहेब म्हणाले, तुम्ही थांबा.
थांबलो.

२८ मे
निकाल. तिचं शिकाऊ लायसन्स रद्द. वर्षभर नवीन अर्ज नाही. नुकसानभरपाईची केस वेगळी चालेल.
मी, वैध लायसन्स नसताना शिकाऊ चालकाशेजारी बसलो म्हणून, दंड आणि ताकीद : पुन्हा सापडलात तर कडक कारवाई.
बाहेर आल्यावर हलकं वाटलं. लगेच ते वाटणं आवडलं नाही. पण वाटलं, हे खरं.

१ जून
लॅबने दुसरी मुलगी घेतली. पांढरा कोट कुरिअरने घरी आला, तो आधीच शिवून झाला होता. भिंगरीने पार्सल न उघडता कपाटावर ठेवलं.
निश्चय : तिच्याशी सविस्तर बोलायचं.

१३ जून
बोललो. म्हणालो, आपल्या गाडीत बाजूला ब्रेक नाही हे तुला माहीत होतं ना? तिने मान हलवली. म्हणाली, तुम्हालाही माहीत होतं, बाबा. तरी दोघांनी वाट बघितली.
आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मलाही चढवता आला असता.

३० जून
नवीन बॅच. पहिली विद्यार्थिनी निवृत्त मुख्याध्यापिका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरून बसल्या. मी म्हणालो, बाई, घाबरू नका. ब्रेक. पुढचं आलं नाही. बाई म्हणाल्या, ब्रेकचं काय? मी म्हणालो, मधला. तुमच्या पायाखाली आहे. दाबून बघा.
त्यांनी उभ्या गाडीत दहा मिनिटं दाबून पाहिला.
गाडी त्यांच्या दारापर्यंत मीच नेली होती. ते वेगळं.

३ सप्टेंबर
मुदत संपली. खिडकीवर गेलो. कारकुनाने कपाटातून पाकीट काढलं, सही घेतली, लायसन्स सरकवलं. मध्यंतरी काही गुन्हा वगैरे, असं विचारेल म्हणून उत्तर तयार करून नेलं होतं. चांगलं उत्तर होतं. त्याने फक्त पेन परत मागितलं.
बसने घरी आलो. सगळं नियमात.
टेबलावर हिने मूळ चावी काढून ठेवली होती. शेजारी त्या दोन्ही. आता ठेवा तुमच्याकडेच, म्हणाली. चल, बाजारात सोडतो, म्हणालो. नको, पायी जाते, म्हणाली.
भिंगरी चपला घालत होती. चावीवाल्याला व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचा तिचा वार. काठी घेऊन तो आता जिन्यापर्यंत चालतो. ती त्याचा हात धरते. म्हणालो, दोघांना नेतो. आता माझ्याकडे लायसन्स आहे.
तिने माझ्याकडे पाहिलं. पूर्वी सिग्नलजवळ पाहायची तसं नाही. म्हणाली, नको बाबा. बसने जातो. बस थांबते.

संध्याकाळी
एकटाच गाडीत जाऊन बसलो. चालू केली. बंद केली.
बाजूच्या सीटपुढच्या मॅटला भोक पडलं आहे. उद्या नवीन घेतो.