ओढ्यातला चार नंबरचा दगड

कऱ्हाटी,
रविवार, जेवणानंतर

माझे जिवाभावाचे मित्र आणि दगडांचे डॉक्टर संघपालराव यांस,

म्हस्कूचा जयभीम. (तुमचा रामराम पोचला असं धरून चालतो.) इकडं सगळी खुशाल आहेत. भिगवणला वारं कसं आहे, वहिनींचा खोकला थांबला का, आणि मुख्य म्हणजे तुमचे गुडघे वाकतात का? गुडघ्यांचं मुद्दाम विचारतोय, कारण खाली येईल. तुम्ही भूजल खात्यातून निवृत्त झालात आणि मी शेती पोराच्या हातात दिली, तेव्हा निमगाव केतकीच्या बाजारात तुम्हीच म्हणाला होतात, की म्हस्कू, बसून राहू नकोस, ओढ्यातले दगड बघत जा. तेव्हा पुढं जे झालं त्याची निम्मी जबाबदारी तुमच्यावर येते.

मी रोज सकाळी वस्तीमागच्या ओढ्यात उतरतो. नातवानं मोबाइलमध्ये दगड ओळखायचं ॲप घालून दिलंय. त्याला गारगोटी दाखवली तर ते बटाटा म्हणतं. (ऊन असेल तर साबण म्हणतं.) मे महिन्यात पपईएवढा गोल राखाडी दगड सापडला आणि ॲप म्हणालं, डायनासोरचं अंडं! आता बटाटा म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायचा का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. गावच्या ग्रुपवर फोटो टाकला, अंडं टॉवेलात गुंडाळून पारावर नेलं, सरपंच कौसल्याताईंना बोलावलं आणि चारचौघांत हातोडी घातली. आत सिमेंट निघालं, आणि सिमेंटात दोन इंची खिळा. वरचा बंधारा फुटला तेव्हाचा तो गोळा, पाण्यानं घासून गुळगुळीत झालेला. तेव्हापासून माझी गावातली किंमत तुम्हाला कळली असेलच.

आता तानूबाईविषयी. संघपालराव, चाळीस वर्षं या बाईबरोबर संसार केला, आणि मी समजत होतो हिला दगडातलं काय कळतंय! तिचा बाप मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा. रोज नवा मुक्काम, रोज नवी चूल, आणि चुलीचे तीन दगड शोधायचं काम हिचं. पाणी प्यालेला दगड जाळावर फुटतो आणि कालवण मातीत जातं, म्हणून ही सात वर्षांची पोर दगड हातात तोलायची, एकमेकांवर वाजवायची आणि जिभेला लावून बघायची. दगडानं जीभ धरली तर तो पाणी पितो, चुलीला नको. मी दगडावर उमटलेलं काळं पान चार महिने कापसात जपलं होतं. हिनं एकदा बघितलं आणि विचारलं, "पानाला देठ कुठं हाय?" (ते पान नव्हे, दगडात मुरलेल्या पाण्याचा डाग, हे तुम्ही फोनवर अर्धा तास सांगितलंत.)

तर गेल्या पंधरवड्यात ती शेळ्यांना पाला आणायला गेली. काठाच्या चिकणमातीतून एक दगड डोकं काढून होता. सवयीनं तिनं खाली वाकून जीभ लावली, तर जीभ सुटेना. मला हाक मारली आणि म्हणाली, "ह्यो दगुड न्हाय. हाड हाय. मेंढीचं न्हाय, बैलाचंबी न्हाय. एवढं जनावर आमी कधी राखलं न्हाय." वरून टाकी लावलेल्या जात्यासारख्या धारा, आणि निम्मा अजून काठात. जुनं हाड जिभेला चिकटतं हे तुम्ही मला सांगितलं होतंत, तिला कुणी सांगितलं नव्हतं. एवढा अभिमान मला पोराच्या नोकरीचाही वाटला नव्हता. घरी येऊन तिला चहा करून दिला. साखर विसरलो.

जागचं हलवू नका हे तुमचं सांगणं लक्षात होतं, म्हणून हात लावला नाही. पण दुसऱ्याच दिवशी कळलं, ओढा खोल करायला मशीन येणार आणि आमचाच काठ आधी. कौसल्याताईंकडं गेलो. त्या म्हणाल्या, "आबा, ह्यात किती इंची खिळा हाय?" मग मी काठावरच्या सात दगडांवर पांढऱ्या रंगानं एक ते सात आकडे घातले. आपला चार नंबर. सरकारी मोजणी समजून मशीनवाला थांबेल असा माझा अंदाज. सकाळी जाऊन बघतो तर सातही दगड लालभडक, पुढं हळदकुंकू, लिंबू, फोडलेला नारळ! मशीनवर राम नावाचा गडी होता. त्यानं खाली उतरून चपला काढल्या, हात जोडले आणि मशीन पलीकडच्या काठाला नेलं. दुपारी बायका नैवेद्य घेऊन आल्या. आपल्या दगडावर लालमधून आकडा दिसतो, म्हणून लोक त्याला चार नंबरचा म्हसोबा म्हणतात. देवच पावला म्हणायचं, दुसरं काय! पत्र लांबलं. वहिनींना नमस्कार, तुमच्या नातीला, दिशाला आशीर्वाद.

तुमचा,
म्हस्कू (अंडेवाला)

ता. क. : पाकीट बंद करायच्या आधी ट्रॉलीला रंग द्यावा म्हणून डबा काढला, तर लाल रंग निम्मा संपलेला. तानूबाईची नखं बघितली. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमच्या आकड्यांना कोन भेतंय?"

आणखी एक ता. क. : खरं काम हे. येत्या अमावास्येला, म्हणजे गुरुवारी, गाव चार नंबरवर सिमेंटचा चौथरा बांधून फरशी बसवणार आहे. मशीनपासून वाचलेलं जनावर आता देवपणात गाडलं जाईल. तानूबाईला झोप नाही. ती एवढंच विचारते, हे कुणाच्या कळपातलं चुकलं? तिला जनावराचं नाव पाहिजे. माझ्या बोलण्याला खिळा लागलाय, गाव तुमचंच ऐकेल, तेव्हा गुरुवारच्या आत या. तुम्ही देवाला हात जोडत नाही हे मला पाचवीपासून माहीत आहे, जोडूही नका. भिंग घेऊन नेहमीसारखे गुडघ्यांवर बसा आणि वाका, लोक काय समजायचं ते समजतील. फक्त बायका घरी जाईपर्यंत जीभ लावू नका.