सुखी शहराचा पूर्वार्ध

तीर्थरूप मावशीस,

तुझ्या पदवीधर भाचीचा वाकून नमस्कार. (‘पदवीधर’ लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण हाताला सवय लागली आहे. राहू दे.) तुझा गुडघा कसा आहे? दिवसभर दुकानात उभं राहून गिऱ्हाइकांना मिक्सर दाखवायचे म्हणजे गुडघ्याने तरी किती सोसावं? मालकाला एक स्टूल माग. नाही म्हणाला तर स्टुलाचे फायदे त्यालाच विकून दाखव. जास्त आवाज करणारा मिक्सर ‘घरात सोबत होते’ असं सांगून खपवणारी बाई तू, तुला स्टूल काय अवघड आहे? काकांचा खोकला कमी झाला असेल अशी आशा आहे. नसेल तर निदान त्यांनी त्याचं वर्णन करणं कमी केलं असेल, अशी तरी आशा आहे.

इकडचं सगळं कुशल आहे असं लिहितात, पण मी खोटं लिहीत नाही. आई बरी आहे, बाबा बरे आहेत, धाकटा जरुरीपेक्षा जास्त बरा आहे. मी बरी नाही. ताप नाही, खोकला नाही. मला हेवा वाटतो आहे. आई याला ‘पित्त’ म्हणते आणि पाणी प्यायला लावते. पण मी एवढी शिकले ती योग्य जागी योग्य शब्द वापरता यावा म्हणूनच, तेव्हा स्पष्ट लिहिते: हा हेवा आहे, चांगला भरपेट आहे, आणि तो आमच्या शाळेतल्या दुसऱ्या तुकडीच्या बाईंचा आहे. फोनवर हे बोलता येत नाही, कारण फोनवर बोलताना आई शेजारी उभी राहते आणि माझ्या प्रत्येक वाक्याला मान हलवते.

या बाई मोत्यांचे डूल घालतात. मनातल्या मनात मी त्यांना डूलवाली म्हणते. (मनातल्या मनातच. एकदा चुकून धाकट्यासमोर म्हणाले, तेव्हापासून तो रोज संध्याकाळी ‘डूलवाली काय म्हणतेय?’ असं विचारतो.) आम्ही दोघी एकाच दिवशी तात्पुरत्या म्हणून लागलो. दोघींकडे एकेक तुकडी आणि त्या तुकडीचा वाचनाचा तास. पुढच्या वर्षी दोन्ही तुकड्यांचं वाचन एकाच बाईकडे जाणार, आणि ती बाई कायम होणार. दुसरीने काय करायचं, हे कोणी बोलत नाही. मला ती जागा हवी आहे, मावशी. बाबा लिफ्ट दुरुस्त करायला ज्या ज्या इमारतीत जातात तिथे ‘मुलगी कायम होतेय’ असं सांगून आले आहेत. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेला माणूस ऐकून घेणार नाही तर जाणार कुठे? त्यामुळे ही बातमी निम्म्या गावाला कळलेली आहे. डूलवालीचं तसं नाही. आपल्याकडे पदवीधर मी एकटीच; तिच्याकडे पदवीधर म्हणजे आपल्या दारातल्या चपला, कोणाची कुठली ते ओळखू येऊ नये इतके. तिला ही जागा मिळाली काय आणि न मिळाली काय, घरी कोणी जेवताना मान वर करून बघणार नाही. आणि अशाच माणसांना सगळं मिळतं!

आता मूळ गोष्ट. मुलांना विचार करायला लावणारं काहीतरी वाचायला द्यावं, असं मीच सुचवलं. (सुचवलं मी, हे लक्षात ठेव. पुढे कोणीच ठेवलेलं नाही.) कॉलेजात असताना वाचलेली एक कादंबरी मी निवडली. त्यात एक शहर आहे. तिथे कोणी भांडत नाही, कोणी कोणाला टोचून बोलत नाही. प्रत्येक घराच्या खिडकीतून समुद्र दिसतो. रोज सकाळी दाराच्या फटीतून एक चिठ्ठी आत सरकते, आणि त्या दिवशी कोणाशी काय बोलायचं ते तिच्यावर लिहिलेलं असतं. तेवढंच बोलायचं. त्यामुळे चुकीचा शब्द जात नाही, मन दुखत नाही, सगळे सुखात असतात. हा झाला पूर्वार्ध. उत्तरार्धात कळतं की समुद्र काचेवर रंगवलेला आहे. आणि एक दिवस एका घरी चिठ्ठी येत नाही, तेव्हा बाप आपल्या लहान मुलीसमोर दिवसभर नुसता बसून राहतो, कारण तिच्याशी बोलायला त्याच्याकडे स्वतःचं एकही वाक्य उरलेलं नसतं. मी हे पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बाबांच्या खोलीत गेले आणि उगाचच त्यांच्याशी लिफ्टच्या तारांबद्दल बोलत बसले.

पुस्तकं मागवली, पण मुलांच्या निम्मीच आली. आमच्या मोठ्या बाई काटकसरी आहेत. (शाळेत खडू संपत आला की त्याचा तुकडा त्या पाकिटात घालून घरी नेतात. तिथे त्याचं काय होतं, देव जाणे.) त्यांनी तोडगा काढला. प्रत्येक पुस्तक मधोमध कापायचं, दोन्ही भागांना वेगळी पुठ्ठ्याची बांधणी करायची, एका तुकडीने पूर्वार्ध वाचायचा, दुसरीने उत्तरार्ध, आणि मग अदलाबदल करायची. सगळी पुस्तकं बाइंडरकडे गेली. माझं कॉलेजातलं, समासात पेन्सिलीने टिपा केलेलं पुस्तकही त्या ढिगात गेलं आणि दोन तुकडे होऊन आलं. आता तुला वाटेल, डूलवालीने उत्तरार्ध पळवला. नाही. मोठ्या बाईंनी विचारलं, कोण काय घेणार? आणि मीच पुढे होऊन म्हणाले, पूर्वार्ध माझा. मला वाटलं, पहिला भाग म्हणजे पहिला मान. डूलवाली गोड हसली आणि म्हणाली, “घ्या ना, मला काय, कुठलाही चालेल.” त्या हसण्यावर मी अजून विचार करते आहे.

परिणाम काय झाला असेल ते तुझ्या लक्षात आलंच असेल. माझ्या तेव्हा आलं नाही. माझ्या तुकडीला ते शहर बेहद्द आवडलं. मी आठवडाभर वाट बघत होते की कोणाच्या तरी अंगावर काटा येईल. काटा सोड, तिथे घर मिळायला काय करावं लागतं अशी चौकशी सुरू झाली. एकजण म्हणाली, आमच्या घरी अशी चिठ्ठी आली तर आईला बाबांशी काय बोलायचं ते तरी कळेल, सध्या दोघं माझ्यामार्फतच बोलतात. एकाला पाहुण्यांसमोर गप्प राहायची चिठ्ठी हवी होती. ज्याला सगळे ‘वकील’ म्हणतात त्याने विचारलं, चिठ्ठीत शिव्या असतात का, आणि नसतील तर क्रिकेट खेळायचं कसं? मी म्हणाले, अरे, पण हे शहर वरवरच चांगलं आहे, पुढे बघा काय होतं ते. तर तो म्हणतो, “बाई, तुम्हाला त्या लोकांचा हेवा वाटतो का?” वर्ग हसला. मीही हसले, पण मला ते लागलं. हेवा कोणाचा ते चुकलं होतं, पण आजार त्याने बरोबर ओळखला होता.

घरीही तेच. रात्री जेवताना मी गोष्ट सांगितली. धाकट्याला शहर पसंत पडलं, कारण तिथे ‘ताईकडून काहीतरी शीक’ असं त्याला कोणी म्हणणार नाही. आई म्हणाली, समुद्र रंगवलेला असला म्हणून काय झालं, आपल्या खिडकीतून शेजाऱ्यांची वाळत घातलेली पँट दिसते ती तर खरी आहे ना, मग? बाबांनी शांतपणे विचारलं, त्या शहरात लिफ्ट बंद पडते का? मी म्हणाले, काहीच बंद पडत नाही. “मग माझं काय?” असं म्हणून त्यांनी हात धुतले. अख्ख्या गावात त्या शहराविरुद्ध उभा राहिलेला हा एकटा माणूस, आणि तोही धंद्यापायी.

आणि डूलवालीकडे? तिच्या तुकडीने नुसता उत्तरार्ध वाचला! तिची मुलं रडली, मावशी. मधल्या सुट्टीत डबे न उघडता बसली. एका मुलीने रात्री वडिलांना मिठी मारली म्हणून तिचे वडील शाळेत येऊन डूलवालीचे आभार मानून गेले. माझ्या तुकडीतल्या एकीचे वडीलही आले होते. मुलगी ‘आज मला चिठ्ठी आली नाही’ असं सांगून गृहपाठ करत नाही, ही तक्रार घेऊन. वऱ्हांड्यात दोघांची गाठ पडली, आणि दोघांनीही माझ्याकडे बघितलं.

यावर कडी म्हणजे अदलाबदलीच्या आधीच संस्थेचे पाहुणे तास बघायला आले. आधी ते तिच्या वर्गात गेले. मी खिडकीशी उभी होते. (फळा पुसायला फडकं शोधत होते. ते माझ्या हातातच होतं, पण ते वेगळं.) पाहुण्यांनी विचारलं, या शहराबद्दल काय वाटतं? सगळा वर्ग एकदम उठला, सगळ्यांच्या मुठी एका उंचीवर गेल्या, आणि एका सुरात आलं, “आमचं बोलणं आम्हीच बोलणार!” माझ्या अंगावर शहारा आला. पाहुण्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी एका मुलाला विचारलं, का रे असं वाटतं? तो म्हणाला, आमचं बोलणं आम्हीच बोलणार. शेजारच्या मुलीला विचारलं. तिनेही तेच सांगितलं, तितकंच ठाम. पाहुणे मोठ्या बाईंना म्हणाले, “या वयात इतकी पक्की मतं!” फळ्यावर पुसलेल्या त्याच वाक्याचा पांढरा ठसा अजून होता, पण तो खिडकीतूनच दिसत होता.

मग ते माझ्याकडे आले. तोच प्रश्न. कोणी उठलं नाही. एकाने सांगितलं, चांगलं आहे शहर. दुसरा म्हणाला, फार नाही, तिथे सरप्राइज नाही. समुद्राच्या सगळ्यात जवळचं घर कोणाचं यावर दोघं आपसात भांडायला लागले. आणि अचानक शेवटच्या बाकावरची ती मुलगी उभी राहिली, जी वर्षभर हजेरीला ‘हजर’ याच्यापुढे एक शब्द बोललेली नाही. ती म्हणाली, “मला आवडलं. तिथे मला काय बोलायचं ते आधीच कळलं असतं.” सगळा वर्ग मागे वळला. वकील म्हणाला, “मग आत्ता बोललीस ते कोणी लिहून दिलं?” ती विचारात पडली. म्हणाली, “कोणी नाही. पण भीती वाटली ना.” वकील म्हणाला, मग चिठ्ठी मिळाली असती तर भीती वाटली नसती? ती म्हणाली, नसती, पण मग तुम्ही असे वळून बघितलंही नसतंत. आणि यावर जो काही गोंधळ सुरू झाला! कोणी बाकावर चढलं, कोणी म्हणालं भीती चालेल, कोणी म्हणालं अजिबात नको, एकाचं उत्तर दुसऱ्याशी जुळेना. ती मुलगी बसायचंच विसरली.

मावशी, अशा वेळी कुठल्याही शिक्षिकेने काय करायला हवं होतं? त्या मुलीकडे बघायला हवं होतं. मी पाहुण्यांच्या डोळ्यांकडे बघत होते. कोरडे ठणठणीत. चष्मा एकदाही काढला नाही. त्यांनी घड्याळ बघितलं, आणि बाहेर पडताना मोठ्या बाई मला म्हणाल्या, “तुमची मुलं फार बोलतात हो.” पलीकडे डूलवालीची तुकडी हाताची घडी घालून बसली होती.

रात्रभर मला त्या एका सुराचा हेवा वाटत राहिला. माझ्या मुलांना एक साधं वाक्य एकत्र म्हणता येऊ नये? मी वर्षभर शिकवलं तरी काय? आता अदलाबदल झाली आहे. माझी मुलं उत्तरार्ध वाचून दोन गटांत फुटली आहेत आणि एकमेकांशी बोलत नाहीत. शेवटच्या बाकावरची मात्र दोन्ही गटांशी बोलते. निकाल काय लागायचा तो लागो. माझा एकाच गोष्टीवर विश्वास आहे: माणसाचं बोलणं मोडकंतोडकं असलं तरी चालेल, पण ते त्याचं स्वतःचं असलं पाहिजे. या तत्त्वापायी जागा गेली तरी बेहत्तर. आईबाबांचा तुला आणि काकांना नमस्कार, धाकट्याने काहीही सांगितलेलं नाही.

तुझी भाची

ता.क. आईने विचारलं आहे की मिक्सरचं झाकण वेगळं मिळतं का. आमचं धाकट्याने तबला म्हणून वाजवलं.

ता.क. २. एक राहिलं. पुढच्या आठवड्यात आम्हा दोघींना संस्थेसमोर ‘मला ही जागा का हवी’ यावर पाच मिनिटं बोलायचं आहे, आणि त्यावर काय ते ठरणार आहे. मी तीन दिवस आरशासमोर उभी राहते आहे. ‘कारण ती डूलवालीला मिळू नये’ यापलीकडे एक वाक्य सुचत नाही. तू लोकांना काय काय पटवतेस! तेव्हा एवढं भाषण मला लिहून पाठव. शब्दन् शब्द लिही, कुठे थांबायचं, कुठे हसायचं, तेही कंसात घाल. मुलांच्या स्वतंत्र विचारांबद्दल जरा जोरदार असू दे.

ता.क. ३. पाकीट चिकटवतच होते तेवढ्यात शिपाईमामांकडून कळलं की डूलवालीचं भाषण तिचे प्राध्यापक काका लिहून देत आहेत. काय ही लबाडी! एवढी शिकलेली बाई, तिला स्वतःची पाच मिनिटं स्वतःला बोलता येऊ नयेत? तू हे पत्र मिळताच भाषण टपालात टाक. आणि अक्षर मोठं काढ, पाठ करायला बरं पडतं.