बेळगावची लाइन

अवधूत,
पहाटे कुठे तुझा डोळा लागला, म्हणून उठवलं नाही. मी बेळगावला जातेय. माझी आई रात्री बाथरूममध्ये पडली, खुबा मोडलाय. रात्रभर आपल्या फोनच्या लाइनवर तुझ्या कॉम्प्युटरचं इंटरनेट चालू होतं, आप्पांना नंबर लागेना. शेवटी त्यांनी खालच्या महानंदाक्कांकडे फोन करून निरोप दिला.

डोशाचं पीठ फ्रिजमध्ये आहे. दहाला नळ येईल, पिंप भरून ठेव.

तुझं काम फोन असेल तिथून होतं. तरी बंगळूर सोडून बेळगावला राहायला जाऊ म्हटलं, की तिथली लाइन कशी असेल, बघू, म्हणतोस. अक्कांना बेळगावहून आप्पांचा शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू आला. एंगेज आपलाच फोन होता.

आसावरी