एक सूर खाली

२ ऑक्टोबर, बुधवार

उशीर झाला, माफ कर. ऑगस्टपासून वहीला हात लावला नाही. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही — लिहायचं नव्हतं.

आज दोन मुलं घरी आली. जोएल व्हँडरमीर, लायर हाउसचा अध्यक्ष, आणि ब्रिया ऑलस्टन, ब्रास हाउसची. एक कॉलेजातल्या गाणाऱ्यांचं बंधुमंडळ, दुसरं वाजवणाऱ्यांचं. (ब्रियालाही तिथे 'बंधू'च म्हणतात.) अडतीस वर्षं ही मंडळं एका मंचावर आलेली नाहीत, आणि ही दोघं माझ्या एका सोफ्यावर बसली. मध्ये उशी ठेवून.

"माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात, एकोणीस तारखेला, आम्ही कॉलेजचं टेकडीचं गाणं एकत्र करतोय, मिस्टर सेडलाक," जोएल म्हणाला. "शहाऐंशी साली तुम्ही तिथे होतात. नक्की काय झालं होतं?"

"ह्यांनी सूर चढवला होता," ब्रिया म्हणाली.

"ह्यांनी मुद्दाम उतरवला होता."

"बघा. आणि आम्ही दोघं तर मित्र आहोत."

मी म्हणालो, आता आठवत नाही. व्लास्ता कोलाचे, जॅम भरलेले गोड पाव, घेऊन आली होती. "ह्याला?" ती म्हणाली. "आमच्या लग्नाला कोण कुठले बूट घालून आलं होतं तेसुद्धा ह्याला आठवतं."

मुलं हसली. मी बशी पुढे केली.

४ ऑक्टोबर

पाठ दुखते. कुणाला काही सांगितलं नाही.

७ ऑक्टोबर, सोमवार

निदान इथे तरी लिहितो.

मी संगीत विभागाच्या ग्रंथालयात स्वरलिपीची पानं काढून देणारा. नोकरीच्या वेळी विचारलं, स्वरलिपी वाचता येते? आठवीतून शाळा सोडून शेतावर गेलेला माणूस — हो म्हणालो. तो 'हो' एकतीस वर्षं निभावला. कपाटांचे क्रमांक पाठ होते, कुणाला संशय आला नाही.

शहाऐंशीच्या त्या शनिवारी वाजवणाऱ्यांची पानं पेन्सिलीच्या खुणांनी इतकी बरबटली होती की मी आपल्या हौसेने नव्या कोऱ्या प्रती काढून ठेवल्या. ट्रम्पेटवाल्यांना बी-फ्लॅट पट्टीचं पान लागतं. त्याच गाण्याचं सी पट्टीचंही पान असतं. ते ट्रम्पेटवर वाजवलं की सगळं एक सूर खाली उतरतं. मी सीची ठेवली. कोपऱ्यात बारीक अक्षर होतं, त्याचा अर्थ मला कळत नव्हता.

पहिलं कडवं लायर हाउसने नुसतं गायलं. दुसऱ्याला ट्रम्पेट आले — काही बरोबर, बाकीचे खाली. लोक खो खो हसले. गाणारे म्हणाले, आमची टिंगल केली. वाजवणारे म्हणाले, ह्यांनीच सूर चढवला. हॉलच्या मागे मारामारी झाली. ब्रास हाउसचा प्रमुख वेंडेल प्रुइट, त्याला जबाबदार धरून त्याच्या कोटावरची मंडळाची पिन काढून घेतली. नाताळच्या आधी तो कॉलेज सोडून गेला.

सोमवारी पानं जागेवर लावायला गेलो, तर बी-फ्लॅटचा गठ्ठा कपाटात जसाच्या तसा. तेव्हा कळलं. वाजवलेली सगळी पानं न बघता बिस्किटांच्या डब्यात घातली आणि घरी आणली. डबा तळघरात आहे. पुन्हा उघडला नाही.

वेंडेल चांगला मुलगा होता. पान मागताना 'ऑरिन, सवडीने दे' म्हणायचा.

१० ऑक्टोबर, गुरुवार

दोन्ही मंडळांची बैठक. मला साक्षीदार म्हणून पुढच्या खुर्चीत बसवलं. मेळाव्यात वाचायचा कागद जोएलने वाचून दाखवला: झाला तो अपराध एकट्या वेंडेल प्रुइटचा, दोन्ही मंडळं त्याचा निषेध करून हात मिळवत आहेत. टाळ्या.

मी ब्रियाला हळूच विचारलं, ह्याला आधार काय?

"काहीच नाही," ती म्हणाली. "पण चाळीस जण आहेत, मिस्टर सेडलाक. कुणावर तरी ढकलल्याशिवाय एकत्र गाणार नाहीत. आणि तो काय परत येतोय?"

जोएलने सहीसाठी कागद पुढे केला. मी म्हणालो, चष्मा आणला नाही.

"नाकावर आहे," तो म्हणाला.

हा दुसरा, वाचायचा नव्हे, म्हणालो, आणि घरी आलो. दुसरा! ह्या वयात.

११ ऑक्टोबर

व्लास्ताला सांगितलं. तिने हातातली बशी पुसून फडताळात ठेवली.

"चर्चमध्ये मी पियानो वाजवायचे आणि तू पान उलटायचास," ती म्हणाली. "दर वेळी उशिरा. मला वाटायचं, माझं वाजवणं ऐकत राहतोस."

मग म्हणाली, "जा आणि सांग त्यांना."

१२ ऑक्टोबर, शनिवार

सांगितलं. उभं राहून, सगळ्यांसमोर. स्वरलिपी वाचता येत नाही, हेही.

मग लायर हाउसचा एक जण म्हणाला, "म्हणजे माझा बाप ह्यांच्या पानापायी नाक फोडून घेऊन आला?" ब्रास हाउसचा दुसरा म्हणाला, "माझा काका तुझ्या बापामुळे हात मोडून घेऊन आला, गप्प बस." दोघं हसले, आणि मग दोघांनीही माझ्याकडे बघितलं. हसू गेलेलं होतं. चाळीसही जण एका बाजूला — पहिल्यांदाच.

"परवा चष्मा सापडला असता तर सही केली असतीत?" जोएलने विचारलं.

माहीत नाही, म्हणालो. खोटं बोललो. केली असती.

त्याने तो कागद फाडला. ब्रिया दारापर्यंत आली. चेहरा कठोर. "डबा आहे अजून?" एवढंच विचारलं.

१४ ऑक्टोबर, सोमवार

ब्रियाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर डबा उघडला आणि एकेक पान बघत गेली. मधल्या एका पानावर थांबली, ते माझ्यापुढे सरकवलं. पहिल्या ट्रम्पेटचं पान, वेंडेलचं. वर घाईघाईत पेन्सिलीने लिहिलेलं — साधी अक्षरं, मलाही वाचता येणारी:

'पानं सीची आहेत. एक सूर वर घ्या. पुढे सांगा. ऑरिनचं नाव कुणी काढायचं नाही.'

पहिलं कडवं संपेपर्यंत ते ट्रम्पेटवाल्यांच्या ओळीत अर्ध्यापर्यंतच पोचलं असणार — म्हणून काही बरोबर, बाकीचे खाली.

पत्ता ब्रियाने शोधून दिला. पत्रात एवढंच लिहिलं आहे: वेंडेल, पान आज वाचलं. एकोणीस तारखेला दोन्ही मंडळं एकत्र गाणार आहेत, पहिल्या ट्रम्पेटची खुर्ची तुझ्यासाठी मोकळी ठेवली आहे. येतोस की नाही, लवकर कळव. ह्या वेळी सवडीने नको.