न धरलेला गोल

बाबा, मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली. सीनियर संघातून पहिल्यांदा मैदानात उतरले त्या संध्याकाळी मी तुम्हाला लिहिलं होतं, की शेवटच्या मिनिटांत चेंडू माझ्या पायात आला तेव्हा समोर जागाच नव्हती, म्हणून मी तो कॅप्टनला दिला. जागा होती. गोलकीपर डावीकडे सरकली होती, ती आणि उजवा खांब यांच्यामध्ये दार उघडं राहावं एवढी जागा होती, आणि ती मी नीट पाहिली होती. कॅप्टनच्या अंगावर दोघी होत्या, तेही पाहिलं होतं. तरी तिलाच दिला. चेंडू अडला, शिट्टी झाली, मॅच शून्य-शून्य सुटली. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, ते पत्र काही तुमच्यापर्यंत पोचलेलं नाही, तेव्हा दुरुस्ती केली नसती तरी कुणाचं काही बिघडलं नसतं. पण तुमच्या पत्रांच्या या वहीत खोटं राहिलं की मला दुसरं काही सुचत नाही, हा माझा जुना आजार तुम्हाला माहीत आहे.

कॅप्टन कोल्हापूरची आहे, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. ड्रेसिंग रूममध्ये बुटांच्या लेस सोडता सोडता तिने विचारलं, "काय गं, मला कशाला दिलास? वाढदिवस हाय काय आज माझा?" सगळ्या हसल्या. मी म्हटलं, "सॉरी ताई, मला वाटलं तुम्ही मोकळ्या आहात." हेही खोटंच. ती म्हणाली, "दोघी माझ्या मानंवर बसल्यात आणि म्हणं मोकळ्या. डोळं तपासून घे." मग माझ्या पाठीवर थाप मारून अंघोळीला गेली. मी बाकावर बसून राहिले. चेंडू पायात आला तेव्हा कुणाचा आवाज माझ्या कानात आला, हे तिला सांगता येण्यासारखं नव्हतं. तो तुमचा आवाज होता. "दे गो, दादाला दे."

घरामागच्या प्लॉटवर आता सात मजली सोसायटी उभी आहे, तिथे खाली गाड्या लागतात. माझ्या डोक्यात मात्र तिथे अजून विटांचे दोन-दोन थर रचून केलेले गोल आहेत आणि रविवारची सकाळ आहे. आख्खी भावकी खेळायला उतरलीय. काका गोलमध्ये उभा आहे, चुलत दादा पुढे, तुम्ही गळ्यात शिट्टी अडकवून मधे. आपल्या बोनकोडे गावात फुटबॉलच्या रेफ्रीलाही अंपायरच म्हणायचे, तर तुम्ही अंपायर. मी सात वर्षांची असेन, हट्ट करून आत घुसलेय, आणि तुम्ही सगळ्यांना बजावताय, "ही लिंबूटिंबू हाय. हिला कोनी पाडायचा नाय, हिचा गोल धरायचा नाय." सात वर्षांच्या पोरीला याचं काय वाईट वाटणार? लिंबूटिंबू म्हणजे सगळ्यांची लाडकी. बाद होत नाही, कुणी ओरडत नाही, दमली की बाजूला बसून चिक्की खायची.

मी लवकरच हिशेब शिकले. माझा गोल मोजणीत धरत नाहीत, दादाचा धरतात. मग चेंडू मिळाला की दादा कुठे आहे ते बघायचं. चेंडू येण्याआधीच मान वळवून बघायचं, हे तुम्हीच शिकवलंत, आणि मी ते इतकं पक्कं केलं की मला डोळे मिटूनही कळायचं तो कुठे पळतोय. लोक म्हणायचे, पोरीला नजर आहे. आज आमच्या कोच मॅडमही तेच म्हणतात. सीनियरमध्ये मला घेतलं ते या नजरेसाठी, ज्युनियर संघात माझ्याइतके पास कुणाचे नव्हते. न्यायाने बोलायचं तर हे तुमचं देणं आहे, आणि ते मी नाकारत नाही.

पण मी बारा वर्षांची झाले तरी लिंबूटिंबूच होते, बाबा. त्या वर्षी तुम्ही मला नडगीवर बांधायला पॅड करून दिलेत. महाप्याच्या तुमच्या कंपनीतून प्लास्टिकच्या पाइपचा एक तुकडा आणलात, उभा चिरलात आणि आईच्या मोठ्या पातेल्यात उकळत्या पाण्यात टाकलात. मऊ झाल्यावर माझ्या पायावर ओला टॉवेल गुंडाळून वरून तो दाबून बसवलात. "हलू नको, हलू नको," म्हणत तुम्ही फुंकर मारत होतात. आई म्हणत होती, "माज्या भाताच्या टोपात आता प्लास्टिकचा वास येनार." दुकानातल्या कुठल्याच पॅडने मला इतका नेमका पाय धरलेला नाही. ते घालून मी पहिल्याच रविवारी गोल मारला.

त्या वेळी दादा बाहेर लेस बांधत बसला होता, एवढंच. द्यायला कुणी नव्हतं म्हणून मी मारला. डाव्या पायाने, काकाच्या उजव्या हाताखालून, विटांना चाटून आत. बरोबरीत चाललेली मॅच होती. काका स्वतः मागे वळून चेंडू बघत म्हणाला, "गोल हाय." आणि तुम्ही शिट्टी तोंडातून काढून म्हणालात, "नाय. ती लिंबूटिंबू हाय. चल, गोलकिक घे." काका म्हणाला, "अरे, बारा वर्सांची घोडी झाली ती." तुम्ही हसलात. सगळेच हसले, मीही हसले. ते हसणं आठवलं की आजही मला माझाच राग येतो.

दुपारी मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होते, आई कोलंबी सोलत होती. तुम्ही आलात आणि माझं तोंड बघून म्हणालात, "राग आला गो? लिंबूटिंबू कदी बाद होत नाय, हा फायदा नाय दिसत तुला? तुला कोन लाथ मारतो का? कोन पाडतो का?" आईने मान वर न करता विचारलं, "कोन लाथ मारत नाय, तर तिच्या नडगीला पाइप कशाला बांधलाव?" तुम्ही माठातलं पाणी घेतलंत, प्यायलात आणि बाहेर गेलात. लाथा मला पहिल्यापासून सगळ्यांसारख्याच बसत होत्या. धरले जात नव्हते ते फक्त गोल.

तुमच्या माघारी सगळे मला सांगत आले की, तुझ्या बापाने तुला खेळू दिलं, गावात दुसऱ्या कुणाच्या बापाने दिलं असतं का? मीही मान डोलवत आले. महिन्यापूर्वी इथल्या एका पेपरवाल्याला मी तेच सांगितलं, बाबांचा पहिल्यापासून पाठिंबा होता म्हणून. छापून आल्यावर आईने ते वाचलं, घडी केली आणि म्हणाली, "बरं लिवलंय." तिच्या आवाजावरून मला कळलं की तिला तो दुपारचा प्रश्न आठवतोय. खेळू देणं आणि खेळात धरणं या दोन गोष्टी आहेत, आणि तुम्ही मला एकच दिलीत. दुसरीसाठी मी इतकी वर्षं लाजत राहिले, जणू ती मागणं म्हणजे पहिलीचे उपकार विसरणं. तुमच्यावर माझं प्रेम होतं आणि आहे, पण तो गोल होता. काका म्हणाला म्हणून नव्हे, माझ्या पायाने मारला, आत गेला, म्हणून होता. अंपायर चुकला. त्या दिवसापासून आजवर मी हे मनातसुद्धा मोठ्याने म्हटलं नव्हतं.

परवा सरावानंतर मॅडमनी मला थांबवलं. सरावासाठी मांडलेले प्लास्टिकचे कोन गोळा करता करता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "रविवारी तू सुरुवातीपासून खेळतेयस." माझ्या हातातले कोन पडले. त्या पुढे म्हणाल्या, "थांब, खुश नको होऊस. गोलसमोरच्या बॉक्सच्या आत चेंडू आला, समोर गोल दिसला आणि तू पास दिलास, तर मी तुला तिथल्या तिथे बाहेर काढणार. मग परत ज्युनियरमध्ये. पास देणाऱ्या माझ्याकडे चार आहेत." मी विचारलं, "आणि मारलेला बाहेर गेला तर?" मॅडम म्हणाल्या, "बाहेर जातातच गं. मी किती बाहेर घालवलेत, विचार कुणालाही. टेन्शन नको घेऊस. पण मार."

टेन्शन मी घेतलेलंच आहे. दोन दिवस सरावात मी बॉक्समध्ये आले की पाय आपोआप बाजूच्या पोरीकडे वळतो. काल चार वेळा वळला. पाचव्यांदा कॅप्टन स्वतः माझ्या शेजारून पळत होती. मी दिलाच, तर तिने तो तसाच माझ्याकडे परत ढकलला आणि ओरडली, "मला नको, तुजा तू मार की." मी मारला. बारवरून गेला, पार कुंपणाला लागला. कुणी हसलं नाही. मी चेंडू आणायला गेले तेव्हा, खरं सांगते, फार बरं वाटत होतं.

दादा मॅचला येणार आहे. त्याचा गुडघा गेलाय, पोट सुटलंय, तरी फोनवर मला म्हणाला, "बॉक्समदी मी हाय समज आनि दे." मी म्हटलं, "नाही देणार दादा." तो म्हणाला, "बरं मग मार." इतकं सोपं होतं ते. तुम्हालाही बहुतेक सोपंच गेलं असतं, मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर. पण मी बारा वर्षांची होते आणि शिट्टी तुमच्या तोंडात होती, म्हणून हा दोष मी अर्धा वाटून घेणार नाही.

हे पत्रही वहीतच राहील. एकच कबूल करायचं आहे. सरावात कधी गोल झालाच, तर मी अजून आधी मागे वळून बघते, कुणी नाही म्हणतंय का ते. ही सवय कशी जाणार मला माहीत नाही, आणि ती जायची वाट बघत मी थांबणारही नाही. रविवारी दुपारी साडेचारला मॅच आहे. बॉक्समध्ये पहिला चेंडू पायात आला की मी तो मारणारच आहे.